हातचलाखीचे शिक्षण : पत्त्यांच्या जादूपासून चमत्कारांच्या उलगड्यापर्यंत

प्रस्तावना

मराठीत ‘जादू’ हा एकच शब्द दोन परस्परविरोधी व्यवहारांसाठी वापरला जातो. नाट्यगृहात तिकीट लावून रिकाम्या पेटीतून कबुतर काढणारा तो जादूगार आणि लिंबू, सुया, काळी बाहुली यांच्या आधारे दुसऱ्याचे बरेवाईट करण्याचा दावा करणाराही जादूच करतो. ‘हातचलाखी’ या शब्दाची अवस्था तर याहून बिकट आहे. हस्तकौशल्याला मराठीत उपलब्ध असलेला हा सर्वांत नेमका शब्द. परंतु वर्तमानपत्रात तो बहुधा ‘हातचलाखीने दागिने लांबविले’ अशा बातमीतच भेटतो. एखाद्या विद्येला भाषेनेच संशयित ठरविले, तर त्या विद्येच्या शिक्षणाचा इतिहास लिहिला जाण्याची शक्यता कमीच असते. मराठीत संगीताच्या घराण्यांचा, कुस्तीच्या तालमींचा, तमाशाच्या फडांचा इतिहास सिद्ध झाला आहे. हातचलाखी कोण, कुणाकडून आणि कशासाठी शिकत आले, याकडे मात्र अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही.

प्रस्तुत लेखात पत्त्यांच्या एका साध्या हस्तक्रियेचे शिक्षण केंद्रस्थानी ठेवून या प्रश्नाचा विचार केला आहे. फसवणूक करण्याचे कौशल्य शिकणे आणि फसवणूक करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत काय, आणि असल्यास त्यांतील सीमारेषा कोणी व कशी आखली, हा या विवेचनाचा मुख्य विषय आहे. महाराष्ट्रात १९५९ आणि २०१३ अशा दोन वर्षांच्या दोन कायद्यांनी या सीमारेषेला स्पर्श केला असल्यामुळे हा प्रश्न केवळ करमणुकीच्या इतिहासाचा राहत नाही.

वऱ्हाडातील तीन प्रकार

भुसावळहून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग १८६७ पर्यंत पूर्ण झाला आणि मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही स्थानके कापसाच्या बाजारपेठांशी जोडली गेली. रेल्वेने कापूस बाहेर नेला, तसे नाटकमंडळ्या, सर्कशी आणि फिरते खेळकरी आत आणले. नांदुऱ्यासारख्या गावच्या आठवडी बाजारात डमरू वाजवून वर्तुळ धरणारा मदारी हे वऱ्हाडातील जुन्या पिढीच्या स्मरणातील सर्वपरिचित दृश्य होय. त्याची भाषा बहुधा दखनी वळणाची हिंदी; त्याचा साथीदार ‘जमुरा’ हा बहुधा त्याचाच मुलगा किंवा पुतण्या.

याच वऱ्हाडात गावगाड्याला दुसरा एक ‘जादू’चा माणूस परिचित होता. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील ग्रंथात ‘गारपगारी’ या जातीची नोंद आहे. मंत्राने गारा अडवून पिकाचे रक्षण करणे हे त्याचे काम आणि त्याबद्दल गावाकडून त्याला धान्य मिळे. गारपगाऱ्याला येथे ढोंगी म्हणण्याचे कारण नाही. गावाचा जसा त्या मंत्रावर विश्वास होता, तसा त्याचा स्वतःचाही होता.

मदारीची गोष्ट याच्या नेमकी उलट. गोळी वाटीखाली नाही हे त्याला पक्के ठाऊक असते. प्रेक्षकांनाही तो काहीतरी ‘खेळ’ दाखवीत आहे हे ठाऊक असते. तिसरा प्रकार हातात क्रिया असूनही तिला सिद्धी म्हणणाऱ्याचा. तळहातातील विभूती त्याने लपविलेली असते. भक्तांपुढे मात्र ती शून्यातून प्रकटते. पहिला स्वतः विश्वास ठेवतो, दुसरा जाणतो आणि तसे कबूल करतो, तिसरा जाणतो आणि लपवितो. दुसऱ्याचे आणि तिसऱ्याचे हात एकाच शाळेतले असतात, ही या विषयातील खरी अडचण आहे.

भारतीय तत्त्वचिंतनाने ही अडचण फार पूर्वी हेरली होती. मांडूक्यकारिकेवरील भाष्यात शंकराचार्यांनी सूत्र आकाशात फेकून त्यावर शस्त्रांसह चढणाऱ्या, दृष्टीआड झाल्यावर तुकडे होऊन पडणाऱ्या व पुन्हा उठणाऱ्या मायावीचा दृष्टांत योजला आहे. ब्रह्मसूत्रभाष्यात ते आणखी एक पाऊल पुढे जातात : मायावीने पसरविलेली माया त्याला स्वतःला कधीच स्पर्श करीत नाही. दृष्टांत ब्रह्मासाठी असला, तरी तो बाजारातल्या निरीक्षणातून आलेला आहे. खेळ करणाऱ्याला भ्रम होत नाही, कारण तो खेळ शिकलेला असतो. संतसाहित्यातही हा माणूस दूर नाही. एकनाथांच्या भारुडांत गारुडी येतो. सापाचे विष उतरविणारा तो गारुडी, हा मूळ अर्थ मागे पडून ‘गारूड’ म्हणजे मोहिनी असा अर्थ मराठीत रूढ झाला. विष उतरविणाऱ्याचा शब्द भुरळ घालण्यासाठी वापरला जावा, हा शब्दांच्या इतिहासातील एक मार्मिक उलटफेर म्हणावा लागेल.

गंजिफा आणि पत्ते

मदारीच्या झोळीत तीन लाकडी वाट्या, कापडाच्या गोळ्या, नाणी, दोरी, आंब्याची कोय अशा अनेक वस्तू असत. पत्ते मात्र क्वचित. याचे एक कारण खुद्द पानांच्या आकारात आहे. बाबराने १५२७ मध्ये सिंधमधील शाह हसनला गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मवृत्तात आहे आणि मोगल दरबारात हा खेळ प्रतिष्ठित होता. महाराष्ट्राला त्याचे दशावतारी रूप अधिक जवळचे : दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पाने, एकूण १२० गोल पाने. सावंतवाडीत ही पाने रंगविण्याची कला गेल्या शतकाच्या उत्तरार्धात शिवरामराजे व सत्त्वशीलादेवी भोसले यांच्या पुढाकाराने पुन्हा उभी राहिली.

गंजिफाची पाने गोल, लाखेचा थर दिलेली आणि जाड. ती चादरीवर पालथी पसरून मिसळली जात. गोल पानाला कोपरा नसतो, सरळ कड नसते. पत्त्यांच्या हातचलाखीतील बहुतेक सर्व क्रिया कोपरा आणि कड यांवरच आधारलेल्या आहेत : कड बोटाने मोजणे, कोपरा तळहाताच्या उंचवट्यावर रोवून पान लपविणे, दोन पाने कडेला कड लावून एक करणे. म्हणून गंजिफाच्या समृद्ध परंपरेतून पत्त्यांची जादू जन्माला येऊ शकली नाही. ती इस्पिक, बदाम, चौकट, किलवर यांच्या छापील, पातळ, लवचिक, आयताकृती पानांबरोबर युरोपातून आली.

दुसरे कारण बसण्याच्या पद्धतीत आहे. मदारी जमिनीवर उकिडवा किंवा मांडी घालून बसतो आणि प्रेक्षक त्याच्या चारही बाजूंना उभे असतात. भारतीय वाट्या उथळ असून त्यांच्या माथ्यावर धरण्यासाठी बोंडी असते. ती दोन बोटांत धरून वाटी उचलली की गोळी आत सोडणे किंवा काढणे वरून पाहणाऱ्यालाही दिसत नाही. म्हणजे वाट्यांची घडण आणि वर्तुळाची रचना एकमेकांस धरून विकसित झाली आहेत. पत्त्यांच्या खेळाला याउलट टेबल हवे, समोर बसलेले चारसहा लोक हवेत, आणि मागे कोणी नको. तो दिवाणखान्याचा, आगगाडीच्या डब्याचा, वसतिगृहाच्या खोलीचा खेळ आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच लंडनमध्ये गाजलेल्या रामस्वामी या दक्षिण भारतीय खेळकऱ्याच्या कार्यक्रमात वाट्या-गोळ्या होत्या, तलवार गिळणे होते. भारतीय खेळकऱ्यांची अचूकता पाहून विल्यम हॅझलिट या निबंधकाराने १८२१ मध्ये ‘भारतीय जगलर’ याच विषयावर निबंध लिहिला. हाताची निर्दोष सिद्धी श्रेष्ठ की बुद्धीची सदोष निर्मिती, हा त्याला पडलेला प्रश्न आजही शिक्षणक्षेत्रात सुटलेला नाही.

एका पानाचा अभ्यास

पत्त्यांच्या हातचलाखीतील एक मूलभूत क्रिया म्हणजे दोन पाने एक म्हणून उलटणे. तिचे शिक्षण कसे होते हे पाहिले, तर या विद्येचे स्वरूप पुष्कळ स्पष्ट होते.

पत्त्यांचा जोड डाव्या हातात धरला जातो. अंगठा डाव्या कडेवर, तर्जनी पुढच्या कडेशी, उरलेली तीन बोटे उजव्या कडेवर. वरची दोन पाने किंचित उचलून त्यांच्याखाली करंगळीच्या टोकाचे मांस शिरेल एवढी फट ठेवायची. उजव्या हाताने ती दोन्ही पाने एकच असल्यासारखी उलटायची. समोरच्याला बदामाची राणी दिसते. ती पुन्हा तशीच पालथी करायची आणि सर्वांत वरचे एक पान टेबलावर ठेवायचे. पाहणाऱ्याच्या मते टेबलावर राणी आहे. प्रत्यक्षात तेथे किलवरची सत्ती असते आणि राणी जोडाच्या माथ्यावर राहते. पुढे त्या पानावर नुसती फुंकर मारली तरी ‘चमत्कार’ घडतो, कारण तो आधीच घडून गेलेला असतो.

एका पानाची जाडी साधारण ०.३ मिलिमीटर. दोन पानांची जाडी डोळ्यांना जाणवू नये यासाठी ती अचूक एकावर एक बसावी लागतात. पावसाळ्यात कागदी पाने फुगतात व एकमेकांना धरतात. प्लॅस्टिकची पाने घसरतात आणि दुसरे पान कडेने डोकावते. पण हे अडथळे शिकणाऱ्याला पहिल्या महिन्यातच कळतात. खरी अडचण वेगळीच असते. एक पान उलटताना आपला हात कसा चालतो, हे बहुतेकांना ठाऊकच नसते. दोन पाने उलटताना हात सावध होतो, मंदावतो, मनगट ताठ होते, आणि पाहणाऱ्याला कारण न कळताही संशय येतो. म्हणून शिकणाऱ्याला आधी एक पान उलटण्याचा अभ्यास करावा लागतो. जी क्रिया त्याला जन्मभर येत होती तीच तो पुन्हा शिकतो, आणि मग दोन पानांची क्रिया तिच्याशी तंतोतंत जुळवितो. विसाव्या शतकातील या कलेचे आचार्य मानले गेलेले डाय व्हर्नन (१८९४–१९९२) यांनी आयुष्यभर ‘स्वाभाविकते’वर भर दिला, त्याचा अर्थ हा होता.

आरशापुढे सराव करणाऱ्यांचा एक विलक्षण अनुभव सर्वत्र नोंदला गेला आहे. नेमक्या क्रियेच्या क्षणी शिकणाऱ्याची पापणी लवते. त्यामुळे आरशात क्रिया कधीच दिसत नाही आणि आपण निर्दोष झालो असे त्याला वाटते. दुसऱ्याला फसविण्याचे शिक्षण घेणारा सर्वप्रथम स्वतःला फसवितो आणि ही सवय मोडणे हा अभ्यासक्रमाचाच भाग असतो. शंकराचार्यांच्या मायावीला माया स्पर्श करीत नाही. ती अवस्था सरावाच्या अखेरीस येते, आरंभी नव्हे.

‘डोळ्यापेक्षा हात वेगवान’ ही लोकसमजूत येथे तपासून पाहणे आवश्यक आहे. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने यांनी १८९४ मध्ये व्यावसायिक जादूगारांच्या हालचालींचा अभ्यास केला आणि त्यांची क्रमवार छायाचित्रे घेतली. छायाचित्रांत भ्रम नाहीसा झाला. हाताने काय केले ते सरळ दिसत होते. म्हणजे गती हे कारण नव्हते. पाहणारा योग्य क्षणी योग्य ठिकाणी पाहत नव्हता, एवढेच. अलीकडे सुझाना मार्टिनेझ-कोंडे व स्टीफन मॅकनिक या मेंदूविज्ञान-संशोधकांनी जादूगारांसह केलेल्या कामातून २००८ पासून हाच विचार अवधानाच्या शास्त्रात पुढे नेला आहे. जादूगार जिथे पाहतो तिथे प्रेक्षक पाहतो. त्याने मान वर करून प्रश्न विचारला की प्रेक्षकही मान वर करतो. विनोदानंतरच्या हशात कोणीही हातांकडे पाहत नाही. मदारी जमुऱ्याशी सतत सवालजवाब का करीत असतो, याचे उत्तर यात आहे. गर्दीला जो निव्वळ विनोद वाटतो, ते कामाचे वेळापत्रक असते.

छापील गुरू आणि घराण्यातला गुरू

युरोपात ही विद्या ग्रंथांत उतरली. १८७६ मध्ये लंडनचे बॅरिस्टर अँजेलो लुईस यांनी ‘प्रोफेसर हॉफमन’ या नावाने तिचे पद्धतशीर पाठ्यपुस्तक लिहिले. १९०२ मध्ये शिकागोत ‘एर्डनेझ’ या टोपणनावाने पत्त्यांवरील एक पुस्तक निघाले; त्याचा पूर्वार्ध जुगारातील लबाडीच्या क्रियांचा आणि उत्तरार्ध जादूचा. दोन्ही भागांत तीच बोटे, तीच कड, तीच करंगळी. लेखकाची खरी ओळख आजतागायत निर्विवादपणे सिद्ध झालेली नाही. लबाडी आणि कला एकाच बांधणीत घालणाऱ्याने आपले नाव झाकावे, हे सूचक आहे.

जत्रेतला तीन पानांचा खेळ याच पुस्तकाच्या पूर्वार्धातला म्हणता येईल. खेळविणारा एका हातात दोन पाने वरखाली धरतो. खालचे पान टाकतो आहे असे दाखवून वरचे टाकतो. गर्दीत त्याचेच दोन साथीदार जिंकून दाखवितात आणि मग शेतमाल विकून परतणारा एखादा गृहस्थ हरतो. मदारीनेही वरचे पान टाकले असते. परंतु त्याने त्यावर पैज लावली नसती. क्रियेत नव्हे, करारात फरक आहे.

मदारीची विद्या पुस्तकात नव्हती. ती जमुऱ्याच्या भूमिकेतून, वयाच्या पाचव्या-सहाव्या वर्षापासून, प्रत्यक्ष खेळ चालू असताना शिकली जाई. अशा अनेक कुटुंबांत आपसांतली सांकेतिक भाषाही असे. बाहेरच्याला गुपित न सांगणे हा तेथे अहंकार नसून उपजीविकेचा प्रश्न होता. पुस्तक विकत घेऊन छंद म्हणून शिकणारा मध्यमवर्गीय आणि पोटासाठी शिकणारा मदारी यांच्यातील ही तफावत लक्षात न घेता ‘भारतीय खेळकऱ्यांनी विद्या लपवून ठेवली’ असे म्हणणे अन्यायाचे होईल.

केळफा आणि रघुवीर

महाराष्ट्रातील सुशिक्षित वर्गात ही विद्या केव्हा शिरली याचे एक ठळक उदाहरण दादासाहेब फाळके यांचे आहे. त्र्यंबकेश्वरी १८७० मध्ये जन्मलेले फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत व पुढे बडोद्याच्या कलाभवनात शिकले. छायाचित्रण, मुद्रण यांबरोबर एका परदेशी जादूगाराच्या सहवासात त्यांनी जादूही शिकून घेतली. ते ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने प्रयोग करीत. ‘फाळके’ हा शब्द अक्षराअक्षराने उलटा वाचला की ‘केळफा’ होतो. नावातच एक पान फिरविलेले आहे. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’नंतर ‘लंकादहन’ (१९१७), ‘कालियामर्दन’ (१९१९) या चित्रपटांत जी विस्मयकारक दृश्ये दिसली, त्यांमागे दृष्टी कुठे वळवावी व पदार्थ केव्हा बदलावा याचे जादूगाराचे ज्ञान होते. हातातील क्रिया कॅमेऱ्यात गेली आणि भारतीय चित्रपटाची सुरुवात झाली, असे म्हणण्यात फारशी अतिशयोक्ती नाही. देवांचे चमत्कार पडद्यावर दाखविणारा हा माणूस ते कसे घडतात हे उत्तम जाणत होता, आणि प्रेक्षक पडद्यापुढे हात जोडीत होते. केळफा येथे दुसऱ्या प्रकारात बसतो की तिसऱ्या, हे ठरविणे वाटते तितके सोपे नाही. तिकीट काढून चित्रपटगृहात शिरणे हाच करार मानला, तर तो दुसऱ्या प्रकारातला.

पुढच्या काळात मराठी घराघरांत जे नाव पोहोचले ते रघुनाथ भोपळे ऊर्फ जादूगार रघुवीर (१९२४–१९८४) यांचे. पुण्याच्या अनाथ विद्यार्थी गृहात शिकलेल्या या कलावंताने देशोदेशी प्रयोग केले, ‘प्रवासी जादूगार’ हे पुस्तक लिहिले आणि तीन पिढ्यांची परंपरा निर्माण केली. विजय रघुवीर व जितेंद्र रघुवीर यांनी ती पुढे चालविली. त्याच सुमारास बंगालचे पी. सी. सरकार (१९१३–१९७१) राजेशाही पोशाखात जग फिरत होते. या सर्वांनी जादूला नाट्यगृहाची प्रतिष्ठा मिळवून दिली. मात्र प्रतिष्ठा रंगमंचाला मिळाली, रस्त्याला नाही.

रस्त्यावरची उतरण कायद्यांच्या वर्षांत मोजता येते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानंतर गारुड्याचा साप गेला. माकड, अस्वल यांना शिकवून त्यांचे खेळ करण्यास १९९८ च्या केंद्रीय अधिसूचनेने मनाई झाली. प्राण्यांच्या दृष्टीने हे निर्णय योग्यच होते. पण ज्यांच्या हातून ते प्राणी गेले त्यांच्या हाती उरले ते फक्त हात. आणि त्या हातांसाठी मुंबई भिक्षा प्रतिबंध अधिनियम, १९५९ आधीच तयार होता. या कायद्याच्या व्याख्येनुसार गाणे, नाच, भविष्यकथन, खेळ करून दाखविणे अशा कोणत्याही निमित्ताने सार्वजनिक ठिकाणी पैसे मागणे वा स्वीकारणे म्हणजे भीक मागणे होय; आणि पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षे संस्थेत स्थानबद्ध करण्याची तरतूद त्यात करण्यात आली. नाट्यगृहात तिकीट लावून पान बदलले तर कला, चौकात थाळी फिरवून तेच पान बदलले तर भीक. दिल्लीत लागू असलेल्या याच कायद्याच्या अनेक तरतुदी तेथील उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये घटनाबाह्य ठरविल्या. महाराष्ट्रात गारुडी भटक्या जमातींच्या यादीत आहे. परंतु त्याच्या विद्येची नोंद करण्यासाठी कोणतीही यादी नाही.

विभूती, राख आणि २०१३ चा कायदा

हातचलाखीचा सर्वांत गंभीर उपयोग महाराष्ट्रात गेल्या चार-पाच दशकांत झाला तो करमणुकीसाठी नव्हे. मूळचे केरळचे व श्रीलंकेत स्थायिक झालेले अब्राहम कोवूर (१८९८–१९७८) यांनी चमत्काराचा दावा करणाऱ्यांना जाहीर आव्हान देण्याची रीत पाडली, कोइमतूरचे बी. प्रेमानंद (१९३०–२००९) यांनी गावोगाव चमत्कार करून दाखवून त्यांचे उलगडे केले. नागपूरच्या परिसरात १९८२ पासून श्याम मानव यांच्या अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीने आणि १९८९ पासून डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने ही पद्धत शाळा-महाविद्यालयांत नेली. हातातून विभूती काढणे, पाण्याने दिवा पेटविणे, जिभेतून त्रिशूळ आरपार नेणे यांची प्रात्यक्षिके विदर्भातील कितीतरी शाळांनी पाहिली आहेत.

विभूतीची क्रिया म्हणजे पत्त्यांच्या क्रियेची सख्खी बहीण. राखेत पेज मिसळून केलेली वाळकी गोळी अंगठ्याच्या मुळाशी धरून ठेवायची, बोटे मोकळी व सैल दिसू द्यायची, हात हवेत फिरवून गोळी चुरडायची. येथेही अडचण तीच. गोळी धरलेला हात गोळी नसलेल्या हातासारखा दिसला पाहिजे. जे कार्यकर्ते हे शिकले, त्यांनी मदारीचाच पहिला पाठ गिरविला.

बुलढाणा जिल्ह्यात या कामाला विशेष अर्थ आहे. पिंपळगाव सराई येथील सैलानी बाबांच्या यात्रेला होळीच्या सुमारास दूरदूरहून लोक येतात. त्यांत मानसिक आजाराने त्रस्त झालेल्यांना घेऊन येणारी कुटुंबेही असतात. श्रद्धास्थान म्हणून त्या जागेचा आदर राखूनही, अशा गर्दीच्या कडेला हातचलाखीला सिद्धी म्हणून विकणारा कोणी उभा राहिला तर त्याची किंमत रुग्णाला उपचारातील विलंबाने मोजावी लागते, हे नाकारता येत नाही. पैशांचे नुकसान त्या मानाने लहान.

२० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांची हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा संमत केला. त्याच्या अनुसूचीत तथाकथित चमत्कारांचे प्रदर्शन करून आर्थिक प्राप्ती करणे आणि त्यांच्या प्रसाराद्वारे लोकांना फसविणे वा दहशत घालणे हा प्रकार समाविष्ट आहे. विधीच्या भाषेत येथे प्रथमच क्रियेऐवजी दाव्याकडे पाहिले गेले. हात काय करतो हा प्रश्न नाही. करणारा त्याला काय म्हणतो, हा प्रश्न आहे. १९५९ च्या कायद्याने खेळ करणाऱ्याला जागेवरून तोलले, २०१३ च्या कायद्याने दाव्यावरून. मदारीला न्याय मिळायचा असेल तर तो दुसऱ्या तत्त्वानुसारच मिळू शकतो. पण त्याच्या वाट्याला आजवर पहिलाच कायदा अधिक आला आहे.

चमत्कारांचे उलगडे करण्यास एक आक्षेप घेतला जातो. गुपित फोडल्याने रस्त्यावरच्या गरीब खेळकऱ्याचे पोट मारले जाते, असा तो आक्षेप आहे. त्यात तथ्य नाही असे नाही. नारळातून कुंकू काढण्याची कृती कळली की तो नारळ पुन्हा कोणी पाहत नाही. परंतु हस्तक्रियेची गोष्ट वेगळी. दोन पाने एक म्हणून उलटतात हे कळल्यावरही निष्णात हात ते करताना दिसत नाही. पदार्थाचे गुपित फुटते, कौशल्य फुटत नाही. म्हणून रसायनावर व उपकरणावर चालणाऱ्या बुवाचा धंदा उलगड्याने बसतो आणि वर्षानुवर्षे सराव केलेल्या खेळकऱ्याला त्याची फारशी झळ लागत नाही.

हेच विद्याशस्त्र उलट दिशेनेही चालविले गेले आहे. १८५६ मध्ये फ्रेंच सरकारने जादूगार रोबेर-ऊदँ यांना अल्जीरियात पाठविले. तेथील मराबूतांपेक्षा फ्रेंचांची ‘जादू’ श्रेष्ठ आहे हे दाखवून राज्यसत्ता पक्की करावी, हा हेतू. याउलट १५८४ मध्ये इंग्लंडमध्ये रेजिनाल्ड स्कॉट याने चेटकिणी म्हणून फासावर जाणाऱ्या स्त्रियांच्या बचावासाठी ग्रंथ लिहिला आणि त्यात गोळ्या, नाणी, पत्ते यांच्या हातचलाखीचे तपशीलवार वर्णन केले. जे सैतानाचे म्हणून सांगितले जाते ते बोटांचे आहे, हे त्याला सिद्ध करायचे होते. इंग्रजीतील हातचलाखीचे पहिले महत्त्वाचे छापील वर्णन हे असे माणसे वाचविण्याच्या खटपटीतून आले.

स्कॉटने ही विद्या ज्याच्याकडे पाहिली त्या माणसाचे नावही ग्रंथात नोंदविले आहे. जॉन कॉतारेस हा लंडनमध्ये राहणारा, जन्माने फ्रेंच असलेला आणि अंगमेहनतीवर पोट भरणारा मनुष्य हातचलाखीत अद्वितीय होता, असे तो सांगतो. महाराष्ट्रातील प्रबोधनाच्या व्यासपीठांवर विभूतीची गोळी अंगठ्याच्या मुळाशी धरण्याची जी पकड आज शिकविली जाते, ती मुळात बाजाराच्या वर्तुळात घडली. ती ज्यांनी घडविली त्यांच्यापैकी एकाचेही नाव या शिक्षणात घेतले जात नाही.